फर्नेस कुठे अडते ते ऐका

जानेवारीतली रात्र. बाहेर शून्य अंश फॅरेनहाइट, थर्मोस्टॅट ७० वर लावलेला आणि घरातलं तापमान ६१ वर येऊन आणखी खाली चाललेलं. तळघरातून घरघर ऐकू येते, बारीक टक् आवाज होतो, काहीतरी पेटल्यासारखं वाटतं आणि पुन्हा सगळं शांत. दोन मिनिटांनी तेच. अमेरिका-कॅनडातल्या एडिसन, नेपरविल, मिसिसॉगा अशा गावांतल्या मराठी घरांवर हिवाळ्यात अशी वेळ येतच असते. आपण वाढलो त्या घरांत घर तापवणारं यंत्रच नव्हतं. पाण्याचा पंप किंवा मिक्सर कुरकुरायला लागला तर काय बघायचं ते आपल्याला कुणी न शिकवता ठाऊक असतं. फर्नेसच्या बाबतीत ते नसतं. मग माणूस एक तर अपरात्रीचे चढे दर देऊन तंत्रज्ञ बोलावतो, नाहीतर एखादा व्हिडिओ बघून नको तिथे हात घालतो. पहिल्यात पैसे जातात, दुसऱ्यात जीव जाऊ शकतो.

गॅसवर चालणारी फर्नेस ठरलेल्या क्रमानेच पेटते. त्या क्रमात ती कोणत्या पायरीवर अडते ते नीट पाहिलं आणि ऐकलं, की बिघाडाचा बराचसा पत्ता लागतो. बिघाड कळला म्हणजे तो आपणच दुरुस्त करावा असं मात्र नाही. काही कामं घरच्या माणसाने निःशंक करावीत, काहींना हातही लावू नये, आणि या दोहोंमधली सीमा ठाऊक असणं हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

सगळ्यात आधी नाक

तळघरात जाताना कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर पुढचं काहीही करायचं नाही. दिव्याचं बटण दाबायचं नाही, चालू असेल तर बंदही करायचं नाही, घरातून फोन लावायचा नाही. सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं, घरापासून दूर जायचं आणि तिथून ९११ ला किंवा गॅस कंपनीच्या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन करायचा.

नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन गावातल्या शाळेत असाच बिनवासाचा वायू साठून स्फोट झाला आणि सुमारे ३०० जण दगावले, त्यात बहुतेक मुलं होती. त्यानंतर वायूत वास मिसळण्याची सक्ती झाली. आपल्याकडच्या सिलिंडरच्या गॅसलाही याच जातीचा वास असतो, त्यामुळे भारतातून आलेले आईवडील तो लगेच ओळखतात. पण पुढची सवय वेगळी आहे. तिकडे आपण रेग्युलेटर बंद करतो, दारं-खिडक्या उघडतो, कारण सिलिंडर हाताशी असतो आणि तो गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. इथला पाइपमधून येणारा वायू हवेपेक्षा हलका असतो, वर चढतो आणि भिंतींच्या पोकळ्यांतून घरभर पसरू शकतो. म्हणून इथे खिडक्या उघडत बसण्यात वेळ घालवायचा नाही, सरळ बाहेर पडायचं. हिवाळ्यात आईबाबा राहायला आले असतील तर एवढा फरक त्यांना पहिल्याच दिवशी समजावून सांगा.

वास नसेल तर पुढे जाऊ.

पेटण्याचा क्रम

थर्मोस्टॅट उष्णता मागतो म्हणजे २४ व्होल्टचा एक साधा संकेत फर्नेसच्या कंट्रोल बोर्डाकडे जातो. बोर्ड आधी सुरक्षेचे स्विच जागेवर आहेत ना ते तपासतो. मग एक छोटा पंखा सुरू होतो, त्याला इंड्यूसर म्हणतात. आपल्याला ऐकू येणारी पहिली घरघर त्याची. जळल्यावर तयार होणारा धूर घराबाहेर ढकलायचं काम तो करतो. त्याने पुरेसा ओढा तयार केला की प्रेशर स्विच नावाची एक गोल चकती बंद होते आणि बोर्डाला कळतं की धुराची वाट मोकळी आहे. यानंतर इग्नायटर लालबुंद तापतो. छोट्या काचेच्या खिडकीतून तो केशरी उजेड दिसतो. काही सेकंदांनी गॅस व्हॉल्व्ह उघडतो, हाच तो टक् आवाज. पहिला बर्नर पेटतो आणि त्याच्या ज्वाळेवर शेजारचे एकेक करून पेटत जातात. ज्वाळेत घुसलेली एक बारीक सळई, म्हणजे फ्लेम सेन्सर, बोर्डाला कळवते की खरंच पेटलंय. अर्ध्या-पाऊण मिनिटाने मोठा ब्लोअर सुरू होतो आणि गरम हवा खोल्यांत येते.

ज्वाळा आहे अशी खात्री काही सेकंदांत पटली नाही तर बोर्ड गॅस बंद करतो, थोडा वेळ इंड्यूसर फिरवून आतला वायू बाहेर टाकतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. बहुतेक फर्नेस असे तीन किंवा थोडे जास्त प्रयत्न करून थांबतात. याला लॉकआउट म्हणतात. अनेक मॉडेलांत तासाभराने ती पुन्हा आपणहून प्रयत्न करते. वीज बंद करून चालू केली तरी लॉकआउट सुटतो. म्हणूनच लोक पुन्हा पुन्हा स्विच बंद-चालू करत राहतात. एकदा करून बघा, हवं तर दुसऱ्यांदा करा, पण त्यापुढे नको. लॉकआउट हा बिघाड नव्हे, ते संरक्षण आहे. ते दहा वेळा मोडून काढणं म्हणजे प्रत्येक खेपेला न जळलेला वायू आत सोडायला लावणं.

फर्नेसच्या पुढच्या पत्र्याला छोटी काच असते, तिच्यातून बोर्डावरचा दिवा लुकलुकताना दिसतो. तो ठरावीक वेळा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा तसाच लुकलुकतो. किती वेळा, ते मोजून लिहून ठेवा. कोणत्या आकड्याचा काय अर्थ, त्याचा तक्ता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. प्रत्येक कंपनीचे संकेत वेगळे, म्हणून इंटरनेटवरच्या दुसऱ्या मॉडेलच्या तक्त्यावर विसंबू नका. वीज बंद केली की काही बोर्ड साठवलेला संकेत विसरतात. त्यामुळे आधी मोजा आणि मग स्विचला हात लावा.

काहीच होत नसेल तर

इंड्यूसरसुद्धा फिरत नसेल तर बिघाड बहुधा पेटण्याच्या भागात नसतोच. थर्मोस्टॅट 'हीट'वर आहे का आणि त्यातल्या बॅटऱ्या संपल्या आहेत का ते बघा. पॅनेलमधला ब्रेकर बघा. फर्नेसजवळ किंवा तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी फर्नेसचा स्वतंत्र स्विच असतो. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या घरांत त्याची पट्टी बऱ्याचदा लाल असते, पण कित्येक घरांत तो दिव्याच्या बटणासारखाच दिसतो आणि तळघरातून सामान काढताना कुणीतरी तो नकळत बंद करतं. फर्नेसचं दार नीट बसलेलं नसेल तरी ती चालत नाही. दारामागे एक स्विच असतो आणि पत्रा त्याच्यावर घट्ट दाबला गेला तरच वीज पुढे जाते. फिल्टर बदलताना दार काढलं आणि अर्धवट लावलं, हे कारण फार वेळा आढळतं.

आता फिल्टरविषयी. फर्नेस पेटते, काही मिनिटं चालते, मग ज्वाळा विझते पण मोठा ब्लोअर फिरतच राहतो आणि गार हवा येते, असं होत असेल तर पहिला संशय फिल्टरवर घ्यावा. हवा पुरेशी वाहिली नाही की आतला हीट एक्स्चेंजर, म्हणजे हवा तापवणारा धातूचा भाग, जास्त तापतो आणि लिमिट स्विच गॅस तोडतो. एक इंच जाडीचा फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलावा लागतो. ज्या घरात तळण जास्त, रोज उदबत्ती-धूप, शिवाय पाळीव प्राणी, तिथे महिन्याने बघितलेलं बरं. फिल्टरवरचा बाण हवेच्या दिशेने, म्हणजे ब्लोअरकडे असला पाहिजे. जास्त दाट फिल्टर म्हणजे जास्त चांगला, असं समजून एक इंचाच्या जागी फार वरच्या मर्व्ह क्रमांकाचा (फिल्टर किती बारीक गाळतो त्याचा दर्जा) बसवू नका. साध्या घराला ८ ते ११ पुरतो. आणि बिल वाचवायचं म्हणून वापरात नसलेल्या खोल्यांतल्या गरम हवेच्या जाळ्या बंद करणं, सोफा किंवा सतरंजी जाळीवर टाकणं हेही टाळा. त्यानेही हवा कोंडते आणि लिमिट स्विच उडतो.

इंड्यूसर फिरतो, पुढे काही नाही

घरघर चालू आहे, पण इग्नायटर लाल होत नाही आणि मिनिटभराने सगळं थांबतं. अशा वेळी प्रेशर स्विच बंद होत नसण्याची शक्यता मोठी. त्यामागे बहुतेकदा स्विच स्वतः नसतो; धुराची वाट किंवा पाण्याची वाट अडलेली असते.

तुमच्या फर्नेसमधून पांढरे प्लॅस्टिकचे पाइप निघून बाजूच्या भिंतीतून बाहेर जात असतील, तर ती ९० टक्क्यांहून जास्त कार्यक्षमतेची आहे. धुरातली वाफसुद्धा थंड करून ती उष्णता काढून घेते. कॅनडात २०१९ पासून घरगुती फर्नेससाठी ९५ टक्के ही किमान मर्यादा आहे, त्यामुळे तिथल्या नव्या घरांत हेच पाइप दिसतात. बर्फाचं वादळ झालं की हे पाइप सगळ्यात आधी बघा. वाऱ्याने भिंतीशी लोटलेला बर्फ ते बुजवतो, कधी तोंडाशी बर्फाचा सुळका जमतो. हाताने किंवा छोट्या फावड्याने अलगद मोकळं करा. पाइपावर घाव घालू नका, उकळतं पाणी ओतू नका. याच फेरीत गॅस मीटरवरचा बर्फही हलक्या हाताने झाडून घ्या.

या प्रकारच्या फर्नेसमध्ये वाफेचं पाणी होतं आणि ते एका ट्रॅपमधून, बारीक नळीने निचऱ्याकडे जातं. नळी तुंबली किंवा गॅरेजमधून जाताना गोठली की पाणी मागे साचतं आणि फर्नेस थांबते. आतून गुडगुड आवाज येणं, खाली ओल दिसणं या त्याच्या खुणा. तळघरात पाणी वर चढवणारा छोटा पंप असेल आणि तो बंद पडला असेल, तरी फर्नेस थांबते. बाहेरून दिसणारी नळी पिळवटलेली असेल तर सरळ करणं, गोठलेल्या भागाला गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळणं, पंपाचा प्लग बघणं, एवढं घरी करता येतं.

धूर धातूच्या नळीतून छतावर जात असेल तर ती ८० टक्क्यांच्या आसपासची साधी फर्नेस. तिच्या धुराड्यात पक्ष्याचं घरटं किंवा गंज अडकला असेल तर ते काम तुमचं नव्हे.

प्रेशर स्विचच्या दोन तारा जोडून फर्नेस चालू करून दाखवणारे लोक आहेत. तसं कधीही करू नका. धूर बाहेर जातोय की घरात, हे सांगणारा पहारेकरीच तुम्ही त्या वेळी हटवलेला असतो.

पेटते आणि लगेच विझते

ही तक्रार सर्वांत जास्त वेळा ऐकू येते आणि तिचा उपाय बऱ्याचदा घरच्या घरी होतो. इग्नायटर लाल होतो, बर्नर छान निळे पेटतात, चार-पाच सेकंद जातात आणि टक् करून गॅस बंद. मग तेच पुन्हा. तीनदा होऊन लॉकआउट. इथे आग लागत नाही असं नाही. आग लागल्याचं बोर्डाला कळत नाही.

फ्लेम सेन्सर ही पेन्सिलपेक्षा बारीक धातूची सळई आहे. तिच्या बुडाशी चिनी मातीचा पांढरा भाग, त्यातून एकच तार. बोर्ड या सळईवर उलटसुलट बदलणारा विद्युतदाब लावतो. ज्वाळेतून वीज थोडीशी वाहू शकते, आणि बर्नरचा धातू सळईपेक्षा आकाराने खूप मोठा असल्याने ती एका दिशेला जास्त वाहते. हा एकतर्फी प्रवाह म्हणजे ज्वाळा असल्याचा पुरावा. तो असतो फक्त १ ते ६ मायक्रोअँपिअरच्या घरात, म्हणजे एका अँपिअरच्या काही दशलक्षांश भागांइतका. सळईवर भाजलेल्या धुळीचा, साबणाच्या किंवा स्प्रेच्या वाफांचा डोळ्यांना धड न दिसणारा थर बसला तरी तो प्रवाह तुटतो. सळई चांगली दिसते म्हणून ती स्वच्छ आहे असं मानू नये.

साफ करायची तर आधी फर्नेसचा स्विच आणि ब्रेकर दोन्ही बंद करा. गॅसच्या पाइपवरचा छोटा व्हॉल्व्हही बंद करून ठेवा: त्याची दांडी पाइपला समांतर असताना गॅस चालू असतो, आडवी केली की बंद. फर्नेस थंड होऊ द्या. दार काढा, आणि काहीही हलवण्यापूर्वी मोबाइलवर आतला फोटो घ्या. सेन्सर सहसा एकाच स्क्रूवर बसवलेला असतो, त्याचं डोकं षट्कोनी, पाव इंचाचं. तार हलकेच ओढून काढा, स्क्रू काढा, सळई सरळ बाहेर घ्या. बारीक स्टील वूलने ती चहूबाजूंनी हलक्या हाताने घासा. भांडी घासायची हिरवी घासणी कोरडी वापरली तरी चालते. सॅंडपेपर शक्यतो नको, त्याचे कण आणि ओरखडे सळईवर राहतात आणि थर पुन्हा लवकर धरतो. घासल्यावर कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा. चिनी मातीचा भाग तडकलेला तर नाही ना ते बघा. जसं काढलं तसंच परत बसवा, दार घट्ट लावा, गॅस आणि मग वीज चालू करा, आणि खिडकीतून पूर्ण एक फेरी बघा.

साफ करूनही तेच होत असेल तर सेन्सर बदलावा लागेल, किंवा अर्थिंगची तार सैल आहे, किंवा बोर्ड खराब आहे. अर्थिंगशी जोडलेली एक गोष्ट ऐन अडचणीत लोकांना बुचकळ्यात टाकते. वादळात वीज गेली, छोट्या जनरेटरवर फर्नेस चालवली, तर ती पेटते आणि विझते. अशा अनेक जनरेटरमध्ये न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडलेले नसतात, म्हणून ज्वाळेचा तो सूक्ष्म प्रवाह आपली फेरी पूर्ण करू शकत नाही. सेन्सर त्या वेळी निर्दोष असतो. यावरचा उपाय इलेक्ट्रिशियनकडून हिवाळ्याआधी करून घ्यावा. आणि जनरेटर घरापासून किमान २० फूट दूर, उघड्यावर. गॅरेजमध्ये दार उघडं ठेवूनही नाही.

इग्नायटर लालच होत नाही

इंड्यूसर नीट चालतो, प्रेशर स्विचच्या बिघाडाचा संकेत नाही, पण खिडकीत अंधारच राहतो. इग्नायटर ही झिजणारी वस्तू आहे. जुने सिलिकॉन कार्बाइडचे असतात, ते काही वर्षांत तडकतात; नवे सिलिकॉन नायट्राइडचे अधिक टिकतात. वीज बंद करून टॉर्चने पाहिलं तर भेग किंवा पांढरा डाग कधी दिसतो, कधी दिसत नाही. मीटर वापरता येणाऱ्याने वीज तोडून, प्लग काढून रोध मोजावा: कार्बाइडचा थंड असताना साधारण ४० ते ९० ओहम, नायट्राइडचा बराच कमी आणि मॉडेलप्रमाणे वेगळा. मीटर काहीच दाखवत नसेल तर इग्नायटर तुटलेला. नवा बसवताना मॉडेल क्रमांक जुळवूनच घ्या आणि तापणाऱ्या भागाला बोट लावू नका; कातडीचं तेल तिथे लागलं की तो भाग असमान तापतो आणि लवकर फुटतो. इग्नायटर कधीही घासून साफ करायचा नसतो. हे काम ज्यांना मीटर आणि हत्यारांची सवय आहे त्यांनीच करावं, बाकीच्यांनी तंत्रज्ञाला बोलवावं. वस्तू महाग नसते, पण ती नाजूक असते.

इग्नायटर लालबुंद होतो पण ज्वाळाच येत नाही, तर गॅस पोचतोय का ते बघा. स्वयंपाकाची गॅस शेगडी असेल तर ती पेटवा. तीही पेटत नसेल तर गॅस कंपनीला फोन करा. शेगडी पेटते आणि फर्नेसच्या पाइपवरचा व्हॉल्व्हही उघडा आहे, तर मग प्रश्न गॅस व्हॉल्व्हचा किंवा बर्नरचा, आणि इथे आपली हद्द संपली. प्रोपेनच्या टाकीवर चालणाऱ्या घरांनी टाकीवरचा काटा बघावा.

खूप जुन्या घरांत सतत जळणारी छोटी पायलट ज्योत असलेल्या फर्नेस अजून सापडतात. तिथे ज्योत विझली तर दारावरच्या सूचनांप्रमाणे, गॅस विरण्यासाठी लिहिलेला वेळ थांबून, ती पुन्हा पेटवावी. पेटते पण बटण सोडलं की विझते, तर बहुधा थर्मोकपल, म्हणजे ज्योत आहे हे ओळखणारा भाग, गेलेला असतो.

तिथेच थांबा

शेगडीची कळ फिरवून लायटर उशिरा ओढला तर जसा भप्प आवाज होतो, तसा आवाज फर्नेसमधून आला तर ती बंद करा आणि चालू करू नका. गॅस उघडल्यावर तो लगेच न पेटता साठतोय आणि मग एकदम पेटतोय, असा त्याचा अर्थ. बर्नरमध्ये गंज किंवा घाण असते, कधी एका बर्नरवरून दुसऱ्याकडे आग नेणारी खाच बुजलेली असते. आज भप्प असेल, तर उद्या दार उडेल.

ज्वाळा निळी, ताठ आणि स्थिर हवी. ती पिवळी, आळसावलेली, किंवा मोठा ब्लोअर सुरू होताच डगमगणारी दिसली, बर्नरच्या तोंडाबाहेर काजळी किंवा करपल्याचे डाग दिसले, तरीही फर्नेस बंद. रोलआउट स्विच नावाचा एक छोटा स्विच बर्नरजवळ असतो, त्यावर बटण असतं. ज्वाळा आतल्या बाजूला न जाता बाहेर आली की तो उडतो. त्याचं बटण दाबून फर्नेस चालू करता येते, पण ते तुम्ही करायचं नाही. तो का उडला हे कळल्याशिवाय तंत्रज्ञानेही करायचं नाही. धुराची वाट अडणं किंवा हीट एक्स्चेंजरला तडा जाणं यांसारखी कारणं त्यामागे असतात.

फर्नेसच्या आतला गॅस व्हॉल्व्ह खोलणं, गॅसचा दाब बदलणं, गॅसच्या पाइपचा सांधा सोडवणं, हे सगळं परवानाधारक माणसाचं काम. ऑन्टेरियोत तर टीएसएसए या संस्थेकडे नोंदणी असलेल्या कंत्राटदारानेच गॅसचं काम करायचं, असा कायदा आहे.

तंत्रज्ञ आला की तुम्ही टिपलेलं त्याला सांगा: दिवा किती वेळा लुकलुकला, कुठली पायरी झाली, कुठे अडली, आवाज कसा होता. त्याचा अर्धा तास वाचतो आणि उगाच भाग बदलले जात नाहीत. हीट एक्स्चेंजर तडकलाय, नवी फर्नेसच घ्यावी लागेल, असं कुणी सांगितलं तर तडा दाखवायला किंवा त्याचा फोटो द्यायला सांगा आणि दुसऱ्याचं मत घ्या. हा तुमचा हक्क आहे. मात्र दुसरं मत येईपर्यंत ती फर्नेस चालवू नका.

भाड्याच्या घरात असाल तर दुरुस्ती मालकाची जबाबदारी, आणि अनेक शहरांत तसा नियम लिहिलेला आहे. शिकागोत १५ सप्टेंबर ते १ जून या काळात दिवसा किमान ६८ आणि रात्री ६६ अंश फॅरेनहाइट तापमान मिळालंच पाहिजे. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना हे ठाऊक नसतं आणि ते स्वेटरवर स्वेटर घालून महिना काढतात. मालकाला लेखी कळवा, दाद मिळाली नाही तर ३११ ला फोन करा.

तंत्रज्ञ येईपर्यंत एका खोलीत सगळे एकत्र राहा, दारं लावून घ्या. विजेचा हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेंशन कॉर्डवर नाही, आणि पडदे-पांघरुणांपासून तीन फूट दूर ठेवा. बाहेरच्या भिंतीलगतचे नळ बारीक धारेने चालू ठेवा, सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा, म्हणजे पाइप गोठून फुटत नाहीत. ओव्हन उघडा ठेवून, गॅस शेगडी पेटवून किंवा कोळशाची शेगडी, बार्बेक्यू घरात आणून खोली तापवायची नाही, अगदी पाच मिनिटंसुद्धा नाही.

कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. अमेरिकेत दरवर्षी ४०० हून अधिक माणसं आगीशी संबंध नसलेल्या, अपघाताने झालेल्या या विषबाधेने मरतात. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, घरातल्या सगळ्यांना एकदम, ताप नसताना, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटणं, ही लक्षणं दिसली तर तो फ्लू नसेल असं आधी धरून चाला, बाहेर पडा आणि ९११ लावा.

फर्नेसची वार्षिक तपासणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करून घ्यावी, तंत्रज्ञ मिळतात आणि दरही बरे असतात. खंडेनवमीला आपण यंत्रांची, अवजारांची पूजा करतो. फिल्टर बदलायला आणि सेन्सर घासायला त्या आठवड्याइतका चांगला मुहूर्त नाही.

एक काम मात्र तोवर थांबवू नका. प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, ते आज बघा. त्याच्या मागे तयार झाल्याची तारीख छापलेली असते आणि त्याचं आयुष्य मॉडेलप्रमाणे पाच ते दहा वर्षंच असतं. चार आवाज, थोडा थांबा, पुन्हा चार आवाज, असं वाजलं तर बाहेर पळायचं. मिनिटाला एकदा टिवटिव म्हणजे बॅटरी किंवा यंत्राचं आयुष्य संपलंय. एवढं मोठ्या मराठी अक्षरांत, घराच्या पूर्ण पत्त्यासह आणि ९११ या आकड्यासह लिहून फ्रिजवर लावा. दिवसा तुम्ही कामावर असता तेव्हा घरात आईबाबा एकटे असतात, आणि तो कागद त्यांना वाचता आला पाहिजे.